न पिकलेला कापूस

सोव्हिएत संघ बरा चालला होता, गोर्बाचेव्हनं सुधारणांचं खूळ काढलं आणि सहा वर्षांत घर पाडलं, हा युक्तिवाद मराठीत तीस-पस्तीस वर्षं फिरतो आहे. अलीकडे त्याला चीनचा टेकू मिळाला आहे. चीननं तोंडं उघडू दिली नाहीत म्हणून चीन टिकला, रशियानं उघडू दिली म्हणून रशिया गेला, असं सांगितलं जातं. हे सांगणारी माणसं आमच्या वर्धा जिल्ह्यातही आहेत आणि ती पोकळ माणसं नाहीत. शेतमजुरांच्या मजुरीसाठी ती तहसील कचेरीसमोर बसलेली आहेत, अंगणवाडी सेविकांच्या मोर्च्यांत उन्हातान्हात चाललेली आहेत. म्हणून त्यांच्या म्हणण्याकडे काणाडोळा करणं मला बरोबर वाटत नाही. त्यांचं निदान चुकलेलं आहे. या निदानावर उभी राहिलेली चळवळ उद्या सत्तेवर आली, तर पुन्हा त्याच खड्ड्यात जाईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सुधारणांनी ती राज्यं मारली नाहीत. खरं काय चाललं आहे हे कळण्याच्या सगळ्या वाटा, म्हणजे भाव, मत, वर्तमानपत्र, संप, कोर्ट, त्या राज्यांनी स्वतःच्या हातानं बुजवल्या होत्या. त्यामुळे आजार कळला तो तिजोरीला हात घातल्यावर काही लागेना तेव्हा. मग घाईनं वाटा उघडल्या, तर आत शिरलं ते साठ वर्षं साचलेलं सत्य. ते पेलायची ताकद कुणातच उरली नव्हती. हे पटायला मॉस्कोला जावं लागत नाही. बोर धरणाजवळच्या हिंगणीच्या शिवारात ज्यानं कापूस पिकवला आणि विकला आहे, त्याला ते चटकन पटावं, कारण त्या कोसळण्याच्या गोष्टीत कापूसच मोठा आहे.

उझबेकिस्तान हा सोव्हिएत संघाचा कापूसपट्टा. तिथल्या पक्षाचे पहिले सचिव शराफ रशिदोव १९५९ पासून १९८३ मध्ये मरेपर्यंत, चोवीस वर्षं, त्या खुर्चीवर होते. मॉस्कोची मागणी एकच होती, कापूस वाढवा. अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी कालव्यांनी शेतांकडे वळवलं गेलं आणि १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. शरद ऋतूत शाळा-कॉलेजं बंद करून पोरांना वेचणीला नेलं जाई. तरीही मॉस्कोनं मागितलेला आकडा जमिनीतून निघेना. मग तो कागदावर काढला गेला.

हे कसं चालायचं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळं मर्म तिथंच आहे. सामूहिक शेताचा अध्यक्ष जास्तीचं वजन लिहून देई. जिनिंग कारखाना ते वजन मिळाल्याची पावती फाडी. जिल्ह्याचा सचिव उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा अहवाल वर पाठवी. रशियातल्या सूतगिरणीकडे अर्धवट भरलेल्या वाघिणी जात, नाही तर चांगल्या मालाच्या नावावर गाळ जाई, आणि तिथला अधिकारी पाकीट घेऊन पूर्ण माल मिळाल्याची सही करी. न पिकलेल्या कापसाचे पैसे मात्र खरे निघत आणि वरपासून खालपर्यंत वाटले जात. रशिदोवना समाजवादी श्रमवीर हा सर्वोच्च किताब दोनदा मिळाला. मॉस्कोतलं मंत्रालयही खूश, कारण त्याचंही उद्दिष्ट याच आकड्यांनी भरत होतं. या साखळीत असा एकही माणूस नव्हता की ज्याला खरं सांगून काही मिळालं असतं. ज्याचं नुकसान होत होतं, तो वेचणारा आणि त्याची शाळा बुडवून शेतात उभी राहिलेली मुलगी, यांच्याकडे ना भाव होता, ना मत, ना छापखाना.

हे मॉस्कोला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. आंद्रोपोव्ह १९६७ पासून पंधरा वर्षं गुप्तहेर खात्याचे प्रमुख होते. पण १९८२ च्या नोव्हेंबरात ते स्वतः सर्वोच्च पदावर आले तेव्हाच उझबेक कापसाचं प्रकरण खऱ्या अर्थानं उघडलं. म्हणजे माहिती होती, पण तिला कुठं जायला वाटच नव्हती. जगातलं सर्वांत मोठं हेरखातं बाळगणाऱ्या राज्याला आपल्या कापसाचं वजन ठरवता येत नव्हतं. गोर्बाचेव्ह त्या वेळी वरिष्ठ मंडळातले एक सदस्य होते, एवढंच. घात १९८५ नंतर, गोर्बाचेव्ह सत्तेवर आल्यावर, झाला असं म्हणणाऱ्यांनी आधी या चोवीस वर्षांचा हिशेब द्यावा.

आणि सुधारणा सुरू झाल्यावर काय झालं? तपास आला तो मॉस्कोहून, वरून, वरवंट्यासारखा. हजारो माणसं पकडली गेली. १९८८ मध्ये आंद्रोपोव्हच्या आधीचे सर्वोच्च नेते ब्रेझनेव्ह यांच्या जावयालाही शिक्षा झाली. पण उझबेक माणसाला त्यात न्याय दिसला नाही. अख्ख्या जातीला चोर ठरवलं, हा अपमान त्याला दिसला. कापूस मागणारे तुम्ही, किताब देणारे तुम्ही, आणि चोर आम्ही? स्वतंत्र झाल्यावर उझबेकिस्ताननं रशिदोवची प्रतिष्ठा परत केली आणि त्या प्रकरणातल्या अनेकांना निर्दोष मानलं. साम्यवादी राज्यातल्या सुधारणा राज्य का फोडतात, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. लोकांनी स्वतः शोधलेलं सत्य लोकांना एकत्र आणू शकतं. पण पंचवीस वर्षं दाबून ठेवलेलं सत्य एक दिवस मालकानं काढून तोंडावर फेकलं, की त्यातून फक्त वैर उगवतं.

आता आपल्याकडं या. महाराष्ट्रानं १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. हेतूबद्दल मला आजही आदर आहे. हंगामाच्या तोंडावर भाव पाडणारा, काट्यात मारणारा, चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने दारात उभं करणारा व्यापारी बाजूला काढायचा, हा विचार शेतकऱ्याच्या बाजूचा होता. पण त्यासाठी केलं काय, तर कापूस विकत घेणारा राज्यात एकच ठेवला आणि शेतकऱ्याला दुसऱ्या कुणालाही विकायची बंदी केली. १९८४ मध्ये त्यासाठी कापूस उत्पादक पणन महासंघ वेगळा निघाला. चढउतार निधी झाला, हमीभाव, अग्रिम, बोनस अशी सगळी मांडणी झाली.

संकलन केंद्रावरचं चित्र विदर्भात ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. कापसानं ताठ भरलेल्या बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत. बैल सोडून जूखाली झोपलेली माणसं, थंडीत शेकोट्या. मग ग्रेडर येणार, बंडीत कोपरापर्यंत हात घालणार, मूठभर कापूस काढून बोटांत ताणून पाहणार. त्याच्या एका शब्दावर वर्षाची मेहनत वरच्या प्रतीची ठरायची किंवा कवडीत जायची. त्या शब्दावर दाद मागायला दुसरा ग्राहक नव्हता. दुसरा ग्राहक नसला की ग्रेडर मनानं चांगला आहे की वाईट, हा प्रश्नच उरत नाही. त्याला पारखायला काही शिल्लक राहत नाही.

आणि तो कागदावरचा कापूस इथंही आला. बाहेर भाव चढला की विदर्भातला कापूस रात्रीतून मध्य प्रदेशात, आंध्रात, गुजरातेत जाई. सीमेवर नाकी बसली तरी जाई. बाहेर भाव पडला की उलट्या दिशेनं ट्रक येत आणि परराज्यातला माल शेतकऱ्यांच्या नावांवर महासंघाला घातला जाई. ज्या धुऱ्याआत पऱ्हाटी उभी नव्हती, त्या शेताच्या नावानंही कापूस विकला गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं झाल्या. भाव बाजारात ठरत नव्हता, निवडणुकीच्या हिशेबानं ठरत होता. चढउतार निधी आटला, तोटा सरकारच्या डोक्यावर साचला, चुकारे लांबले. दुखणं उझबेकिस्तानचंच होतं, जात तीच, लक्षणं तीच.

मग विदर्भ कोसळला का? नाही. कारण इथं बोलायला माणसं होती. शरद जोशींची शेतकरी संघटना या योजनेतल्या दोषांवर आणि राज्याबाहेर कापूस नेण्याच्या बंदीवर उघडपणे तुटून पडली. १० डिसेंबर १९८६ रोजी सुरेगावला कापूस आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. आपल्या राज्याचे हात स्वच्छ होते असं मी मुळीच म्हणत नाही. पण सुरेगाव लपवता आलं नाही. त्या तिघांच्या नावानं सभा झाल्या, आमदारांनी विधानसभेत प्रश्न उठवले, पेपरांनी तोट्याचे आकडे छापले. वीस वर्षं ही ओढाताण चालली आणि २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्याला दार उघडून एकाधिकार संपला. योजना गेली. महाराष्ट्र जागेवर राहिला, मंत्रालय जागेवर राहिलं, महासंघसुद्धा हमीभावाच्या खरेदीपुरता राहिला. तोच रोग सोव्हिएत संघात देश घेऊन गेला, इथं एक योजना घेऊन गेला. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हा फरक आहे.

माझे डावे मित्र इथं एक गोष्ट विसरतात आणि ती विसरलेली पाहून मला वाईट वाटतं, कारण ती त्यांच्याच अभिमानाची आहे. महाराष्ट्रात बोलणाऱ्यांत सर्वांत पुढं कम्युनिस्टच होते. १९७२ च्या दुष्काळात कामं काढा म्हणून सरकारच्या मागे लागलेल्यांत लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख होते. त्याच सुमारास मुंबईत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. समाजवादी मृणाल गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर त्या मोर्च्यांत होत्या. तेल, रॉकेल, साखर, धान्य यांच्या भावासाठी सरकारला जाब विचारला गेला. पुढं १९७७ मध्ये मुंबईकरांनी अहिल्याताईंना लोकसभेत पाठवलं.

लाटण्यांच्या मोर्च्यांच्या दहा वर्षं आधी, जून १९६२ मध्ये, दक्षिण रशियातल्या नोव्होचेर्कास्क गावी काय झालं ते शेजारी ठेवा. सरकारनं मांस आणि लोण्याचे भाव एकदम चढवले. त्याच वेळी तिथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात मजुरीचे दर उतरवले होते. कामगार लाल झेंडे आणि लेनिनची चित्रं घेऊन पक्षाच्या कचेरीवर गेले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसं मेली. प्रेतं वेगवेगळ्या गावांच्या दफनभूमींत गुपचूप पुरली. मोर्च्याच्या म्होरक्यांपैकी सात जणांना देहदंड झाला. देशाला हे कळू दिलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, गोर्बाचेव्हच्या काळात, ते उघड झालं. लाटणं घेतलेली बाई इथं खासदार होते आणि लोण्याचा भाव विचारणारा कामगार तिथं निनावी खड्ड्यात जातो. यात कम्युनिस्ट कोण होतं, हे माझ्या मित्रांनी मला सांगावं.

त्या गोळीबाराचा परिणामही पाहा, कारण अर्थव्यवस्था तिथं अडकली. पुन्हा असा उठाव होईल या धास्तीनं सोव्हिएत सरकारनं मांसाचे सरकारी भाव जवळपास तीस वर्षं, एप्रिल १९९१ पर्यंत, हलवले नाहीत. उत्पादनाचा खर्च वाढत गेला, अनुदान फुगत गेलं, दुकानात स्वस्त भावाची पाटी आणि रिकामी फळी राहिली. १९७२ पासून हा अवाढव्य शेतजमिनीचा देश अमेरिकेसारख्या शत्रूकडून प्रचंड धान्य विकत घेऊ लागला आणि त्याचे पैसे तेल विकून देऊ लागला. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, तेव्हा ताटातली भाकरीच तेलावर टांगलेली होती. पोलंडमध्येही १९७०, १९७६, १९८० असे तीनदा अन्नाचे भाव वाढवायला गेले आणि तीनदा कामगार उठले. तिसऱ्या खेपेला ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना जन्मली. कामगारांच्या नावानं चालणारं राज्य कामगाराशी भावाबद्दल खुलं बोलू शकत नव्हतं. गोळी घाला किंवा गप्प बसून दिवाळं काढा, एवढेच दोन रस्ते त्यानं स्वतःसाठी ठेवले होते. गोर्बाचेव्हच्या हाती दिवाळं आलं.

त्यानं चुका केल्या नाहीत असं नाही. दारूबंदीच्या मोहिमेनं १९८५ पासून महसूल बुडवला. शेतीआधी यंत्रोद्योगात पैसा ओतला. पण सुधारणेची खरी वेळ त्याच्या आधीच गेली होती. १९६५ मध्ये पंतप्रधान कोसिगिननी कारखान्यांना थोडी मोकळीक द्यायचा प्रयत्न केला, तो काही वर्षांत विरून गेला. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात, प्रागला, स्वतः कम्युनिस्ट पक्षच, दुबचेकच्या नेतृत्वाखाली, वर्तमानपत्रं मोकळी करत होता आणि लोक त्याच्या बाजूनं उभे होते. समाजवाद आणि मोकळीक एकत्र नांदू शकतात, हे दाखवायची ती सर्वांत मोठी संधी होती. त्या वर्षीच्या ऑगस्टात मॉस्कोनं तिच्यावर रणगाडे घातले. घात शोधायचा असेल तर तो तिथं सापडेल. १९८५ पर्यंत पक्षात कोट्यवधी सभासद होते, पण विश्वास ठेवणारा माणूस शोधावा लागत होता. १९९१ च्या ऑगस्टात पक्षाच्याच कट्टर मंडळींनी बंड केलं, तेव्हा त्यांच्या बाजूनं रस्त्यावर कोण आलं? तीन दिवसांत ते बंड विझलं.

उरला चीन. या मुद्द्याला मी बगल देणार नाही, कारण तो त्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा आहे. आमच्या वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा १९५१ मध्ये चीन पाहून आले, भारावून आले आणि त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. जमीनदारांची जमीन खरोखर शेतकऱ्यांत वाटली जात होती. पण १९५८ मध्ये तीच जमीन कम्यूनमध्ये ओढून घेतली गेली. उद्दिष्टापेक्षा अधिक पीक दाखवायची शर्यत लागली, कागदावरच्या धान्यावर लेव्ही वसूल झाली आणि १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं भुकेनं मेली. पुन्हा तोच न पिकलेला माल. इथं कापूस नव्हता, भात होता, म्हणून मरण आलं.

या खाईतून चीनला वर काढलं ते पक्षाच्या कडकपणानं नाही. १९७८ मध्ये आनह्वेई प्रांतातल्या श्यावगांग या दरिद्री गावी अठरा कुटुंबांच्या माणसांनी चोरून करार केला आणि सामूहिक जमीन घराघरांत वाटून घेतली. पीक वाढलं. तंग श्यावफिंगच्या काळातल्या पक्षानं ते चिरडायचं सोडून मान्य केलं आणि काही वर्षांत कम्यून मोडीत निघाले. म्हणजे चीननंही एक वाट उघडलीच, भावाची आणि शेताची. रशियात तसं जमलं नाही याचं एक कारण सरळ आहे. तिथं सामूहिक शेती १९२९ पासूनची, स्वतःच्या जबाबदारीवर शेत करणारी पिढीच उरली नव्हती. चीनमध्ये ती जिवंत होती.

मतांची आणि छापखान्याची वाट मात्र ४ जून १९८९ रोजी पेइचिंगला रक्तानं बंद केली गेली. तेव्हा चीनकडे बोट दाखवणाऱ्यांना माझा थेट प्रश्न आहे. तिथं टिकलं काय? पक्ष टिकला. अब्जाधीश मालक, स्वतंत्र कामगार संघटनेला बंदी, खेड्यातून आलेल्या मजुराला शहरात दुय्यम हक्क, हे ज्या समाजात आहे त्याला तुम्ही कोणत्या तोंडानं साम्यवादाचा विजय म्हणता? तुम्ही ज्यासाठी तहसीलसमोर बसता ते सगळं तिथं गुन्हा आहे.

उजवीकडचे लोक म्हणतात की समताच निसर्गाविरुद्ध, म्हणून ती राज्यं पडली. त्यांना उत्तर द्यायला केरळ पुरे. १९५७ मध्ये निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार १९५९ मध्ये बरखास्त झालं, १९६७ मध्ये लोकांनी परत आणलं, नंतर पाडलं, पुन्हा आणलं. जमीनसुधारणा झाल्या, शाळा-दवाखाने उभे राहिले आणि हरल्यावर मुख्यमंत्री घरी गेले. पडता येतं म्हणून ते कोसळले नाहीत. बंगालमध्ये चौतीस वर्षं सलग डाव्यांची सत्ता राहिल्यावर गावोगावची पक्ष-समिती हीच पंचायत आणि हीच कोर्ट झाली. नंदीग्रामला १४ मार्च २००७ रोजी चौदा माणसं गोळीबारात मेली, तोवर खालचं वर काही पोचत नव्हतं. २०११ मध्ये मतदारानं तो डाव मोडला. तिथंही रक्त सांडलं, पण राज्य मोडलं नाही.

राहता राहिली सोव्हिएत संघ मोडल्यावरची, १९९१ नंतरची वाताहत. रशियात पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९४ पर्यंत ५८ वर्षांच्या खाली गेलं, निवृत्तांनी रस्त्यावर घरातली भांडी विकली. आमच्याकडेही एकाधिकार गेल्यावर शेतकरी सुखी झाला नाही. विदर्भातल्या आत्महत्यांनी ते जगाला दाखवलं. बाजार उघडला की सगळं सुधारतं, असं मी कधी मानलं नाही. पण रशियात लूट एवढी सहज का झाली, हे विचारायलाच हवं. १९९२ पासून कारखाने, तेलविहिरी, खाणी वाटल्या जाऊ लागल्या, तेव्हा हिस्सा मागायला सत्तर वर्षांत मुळं धरलेली एकही स्वतंत्र कामगार संघटना नव्हती, शेतकऱ्यांची संघटना नव्हती, ज्याच्या निकालाला मान असेल असं कोर्ट नव्हतं. संघटित होते ते फक्त कारखान्यांचे संचालक आणि पक्षाचे अधिकारी. पुढं तेलसम्राट म्हणून गाजलेला खोदोरकोव्स्की मॉस्कोत पक्षाच्या युवक संघटनेचा पदाधिकारी होता, आणि नव्या मालकांत त्याच्यासारखे पुष्कळ होते.